पासवर्ड बरोबर, तरी संगणक आत घेईना

प्रश्न : मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मी मोबाइलवरून बदलला. आता घरचा विंडोज ११चा संगणक नवा पासवर्ड चुकीचा म्हणतो. पिन आठवत नाही. फॉरमॅट करावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : फॉरमॅट अजिबात नको. आधी पासवर्डाच्या चौकटीतला डोळ्याचा बटण दाबून उमटलेली अक्षरं बघा. मराठी कीबोर्ड चालू राहिला, तर अक्षरं भलतीच पडतात. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी निवडा. नंबर पॅड वापरत असाल तर नम लॉकही पाहा.

अक्षरं बरोबर असतील, तर संगणक नेटला जोडलेला नसावा. ऑफलाइन असताना तो या मशीनवर शेवटचा चाललेला पासवर्डच ओळखतो. मोबाइलवरचा बदल त्याला कळलेलाच नसतो. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली नेटवर्कचं चिन्ह आहे. तिथून वायफाय जोडा, ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये किल्लीचं चिन्ह निवडा आणि नवा पासवर्ड द्या. वायफाय जमत नसेल, तर जुना पासवर्ड टाकून पाहा, बहुधा चालेल. पिन मात्र त्या एका मशीनपुरताच असतो. नेट जोडल्यावर ‘आय फरगॉट माय पिन’ वापरून नवा करता येतो.

दुकानदार ‘रिसेट’ सुचवेल. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं, तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम उडतात, टॅलीसुद्धा. शिवाय डिस्क एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असली, तर ती उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आधीच उतरवून ठेवा.