मोतीबिंदूसोबत काचबिंदूचा स्टेंट?

प्रश्न : मला ओपन अँगल प्रकारचा काचबिंदू आहे. थेंबांनी डोळे चुरचुरतात. मोतीबिंदू काढतानाच स्टेंट बसवू, असं डॉक्टर म्हणतात. गेलेली नजर परत येईल का?

उत्तर : काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, हे मी प्रत्येक रुग्णाला आधीच सांगते. स्टेंट फक्त डोळ्याचा दाब उतरवतो. जेमतेम १ मिलिमीटरची टायटॅनियमची नळी मोतीबिंदूच्याच छेदातून आत नेऊन, डोळ्याच्या आतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीतून श्लेमच्या नलिकेत, म्हणजे त्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटेत बसवतात. आजार सौम्य किंवा मध्यम असेल, तर थेंब कमी होऊ शकतात. मला हा फायदा मोठा वाटतो. चुरचुरीला कंटाळून थेंब सोडणारे खूप भेटतात! आजार बळावला असेल, तर मात्र ट्रॅबेक्युलेक्टमी या, पाण्याला नवी वाट करून देणाऱ्या शस्त्रक्रियेइतका दाब यानं उतरत नाही. तुमचा टप्पा कोणता, हे डॉक्टरांना आधी विचारा. तोवर थेंब सोडू नका.