वडिलांच्या किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिस सांगितलंय. दुसरा काही उपाय आहे का? त्रास काय होतात?

मुख्य मार्ग तीन: मशीनवरचं डायलिसिस, पोटातलं डायलिसिस (नळीने पोटात औषधी पाणी सोडून काढायचं) आणि किडनी बदलणं. काढा-चूर्णाच्या नादी लागू नका, काही भस्मांनी उरलीसुरली किडनीही जाते.

इथं सोलापुरात माझ्या आईचं मशीनवरचं चालू आहे. एका वेळेला चार तास, आठवड्यातून तीनदा. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते आधी विचारा. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं, लवकर करून घ्या, तो तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्या हातावर बीपी मोजू द्यायचा नाही, डायलिसिस सोडून दुसरी सुई टोचू द्यायची नाही. आई रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून थरथर बघते. ती लागली नाही तर तडक दवाखाना.

मशीनवर बीपी उतरतो, पायात गोळे येतात. दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी जास्त झालं की धाप लागते. एप्रिल-मेच्या इथल्या उन्हात हे सगळ्यात अवघड. आम्ही दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवतो. शेंगाचटणी जवळपास बंद. आणि भेटायला येणारे हमखास शहाळं आणतात! त्यातलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, ते पाहुण्यांनाच पाजा. रक्त कमी होतं, त्याला इंजेक्शन असतं.

पोटातलं घरी जमतं, पण स्वच्छता चुकली की पोटात जंतुसंसर्ग.

तब्येत झेपणारी असेल तर किडनी बदलणं सर्वांत चांगलं. मात्र शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या गोळ्या ती टिकेपर्यंत रोज, एकही चुकवून चालत नाही. किडनी कोण देऊ शकेल, त्यासाठी घरातल्यांच्या तपासण्यांचं डॉक्टरांशी आत्ताच बोला.