डब्यातले छत्तीस हजार

"मॅडम, घरात पैसा असला की मला झोपच लागत न्हाई."

इचलकरंजीतल्या एका दवाखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते. डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दोनदा बदलून पाहिल्या आणि मग या बाईंना माझ्याकडे पाठवलं. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे. नाव नको, नुसतं 'ताई' म्हणू. वय बेचाळीस, गारमेंटमध्ये शिलाईला, महिन्याला साडेनऊ-दहा हजार सुटतात. नवरा यंत्रमागावर. घरात सासू आणि बारावीतला मुलगा.

गोष्ट मार्च २०२५ ची. ताईंची भिशी लागली होती. बारा जणी, दरमहा ३,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला ३६,०००. ताईंची चिठ्ठी चौथ्याच महिन्यात निघाली. कामावरच्या मैत्रिणींनी पेढे मागितले, ते त्यांनी दिले. पैसे तूरडाळीच्या डब्यात गेले आणि त्या रात्रीपासून डोकं दुखायला लागलं.

कारण डब्यातले पैसे घरात सगळ्यांना माहीत होते. नवऱ्याची गाडी रात्रपाळीला जाताना मध्येच बंद पडत होती, त्यांना नवीन गाडीसाठी आगाऊ भरायला रक्कम हवी होती. सासूबाईंना नातवंडाच्या बारशाला सोन्याचं काहीतरी न्यायचं होतं (नातवंड म्हणजे नणंदेची लेक, पण मान तर राखायलाच हवा). मुलाला मोबाईल. आणि रोजची बचत गोळा करायला दुपारी येणारा पिग्मीवाला सांगत होता, आमच्या पतसंस्थेत ठेवा, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतो. ताई सकाळी एक ठरवायच्या, संध्याकाळी दुसरं.

"मी काय करू ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

आणि मी सांगितलं. ही माझी चूक.

कागद घेतला, रकाने पाडले. चौथ्या महिन्यात चिठ्ठी लागली म्हणजे तुमचे स्वतःचे फक्त १२,००० त्यात आहेत. उरलेले २४,००० मैत्रिणींचे, ते तुम्हाला पुढच्या आठ महिन्यांत फेडायचे आहेत. लवकर लागलेली भिशी हे बिनव्याजी कर्ज असतं आणि शेवटी लागलेली ही बचत. पिग्मीवाल्याबद्दलही बजावलं: बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मग कुठे कर्ज आहे का विचारलं, 'न्हाई' म्हणाल्या. अडीअडचणीसाठी इतके, हप्त्यांसाठी इतके, असं मी लिहून दिलं. ताई मान हलवत होत्या. "बरं मॅडम," म्हणाल्या, कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि पुढच्या वेळेला आल्याच नाहीत.

इतक्या वर्षांत एवढं तरी कळायला हवं होतं. भिशीच्या हप्त्यांचा हिशेब बारा वर्षं भिशी खेळणाऱ्या बाईला मी शिकवणार? तो त्यांना तोंडपाठ होता. त्या ज्यासाठी आल्या होत्या ते मी विचारलंच नाही.

एप्रिलच्या शेवटी त्या परत आल्या. डब्यात आता २९,५०० होते. साडेसहा हजार कशात गेले? दोन हजार दिराच्या रिक्षाला, मिक्सर जळाला तो, मुलाच्या क्लासचे राहिलेले, आणि बाकीचे 'असेच'. कुणावर चिडल्या नव्हत्या. उलट थोडं हलकं वाटत होतं म्हणाल्या. "निम्मं संपलं की डोकं निम्मं दुखंल," असं म्हणून स्वतःच हसल्या.

मला तिथे धागा सापडला. पैसे कमी झाले की बरं वाटतं, हे कुठून आलं?

त्यांच्या माहेरी आई पैसे साखरेच्या बरणीखाली ठेवायची. वडील प्यायचे. बरणी सरकलेली दिसली की आईला कळायचं. मग आई शहाणी झाली: पैसे आले की त्याच दिवशी बाजारात जाऊन तेल, डाळ, मुलींना कापड, काय मिळेल ते घ्यायची. दारूच्या दुकानात तेलाचा डबा चालत नाही. ताई हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा हात सारखा पर्सच्या चेनवर होता. त्यांचा नवरा पीत नाही, सासू तर त्यांना जीव लावते. पण घरात दिसणारा पैसा म्हणजे जाणारा पैसा, हे अंगात मुरलेलं होतं. एवढी रक्कम नुसती बाळगायची कशी हे त्यांनी कुणाकडे पाहिलंच नव्हतं.

'हातात थोडे पैसे आलेत, काय करू?' हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो. दिवाळीचा बोनस, फरकाची रक्कम, विम्याचे मुदत संपून आलेले पैसे. पाच-दहा लाख असतील तर माणसं सल्लागार गाठतात. तीस-चाळीस हजारांसाठी कोण जाणार? आणि झोप तर तेवढ्यानेच उडते, कारण घरातल्या प्रत्येकाच्या अडलेल्या कामाला ती रक्कम जवळजवळ पुरणारी असते. एकाचं काम केलं की बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. गुंतवणूक कुठे करायची हे बँकेतला कारकूनही सांगेल, पण सासूला काय सांगायचं?

म्हणून त्या दिवशी आम्ही 'नाही' म्हणायचा सराव केला. मी सासू झाले. "आहेत, पण द्यायचे न्हाईत" हे वाक्य ताईंच्या तोंडून तीन वेळा सुरू झालं आणि तिन्ही वेळा 'आत्या, तुमचं बी बरोबर हाय' वर येऊन थांबलं. शेवटी त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा पैसं अडकलेत म्हणून सांगते." पुस्तकी नियमाने मी त्यांना स्पष्ट बोलायला लावायला हवं होतं. नाही लावलं. एकत्र घरात राहणाऱ्या बाईने पैशांबद्दल थोडं आडवळणाने बोलणं हा मला दोष वाटत नाही. फक्त म्हटलं, अडकलेत म्हणायचं तर खरंच कुठेतरी अडकवा.

त्यावर ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोरमाळ गहाण हाय."

आईने दिलेली एक तोळ्याची बोरमाळ. २०२० साली टाळेबंदीत माग बंद पडले, आठवड्याचा पगार थांबला, तेव्हा नवरा-बायकोने मिळून ती पतसंस्थेत ठेवून २५,००० उचलले होते. व्याज वर्षाला १४ टक्के. दरवर्षी पाडव्याला साडेतीन हजार व्याज भरायचं आणि कर्ज नवं करून घ्यायचं. यंदाचंही भरून झालं होतं. पाच वर्षांत साडेसतरा हजार गेले, मुद्दल जिथल्या तिथे. त्यात यंदा काउंटरवरच्या माणसाने सांगितलं होतं, सोनं लाखाच्या घरात गेलंय ताई, याच बोरमाळेवर आणखी तीस हजार देतो.

मी मनात उडीच मारली. इतकं सरळ उत्तर! डब्यातले पैसे भरा, बोरमाळ सोडवा, साडेतीन हजार वाचतील. एवढं चोख व्याज दुसरं कोण देणार? पहिल्या वेळी कर्ज नाही का म्हणालात, असंही विचारलं. "ते कर्ज कुठं? ते सोनं हाय," ताई म्हणाल्या. आणि पुढे, अगदी शांतपणे: "सोडवायची न्हाई मॅडम. घरात आली की नणंदेच्या लेकीच्या बारशाला, न्हाईतर धाकट्या दिराच्या लग्नात जाईल. तिथं हाय ती बरी हाय."

पाच वर्षं ही बाई भोळेपणाने व्याज भरते आहे असं मी दोन मिनिटांपूर्वी समजत होते. ती तर तिजोरीचं भाडं भरत होती. मागणाऱ्याला 'गहाण आहे' सांगितलं की पुढे कुणी बोलत नाही. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

भाडं मात्र फार होतं. तेवढंच मी म्हटलं. मग दोघींनी मिळून हिशेब केला, या वेळी पेन त्यांच्या हातात. सोनं न सोडवता मुद्दल कमी करता येतं का? बहुतेक ठिकाणी येतं, अधेमधे रक्कम भरता येते. २०,००० भरले तर उरतील ५,०००, त्याचं व्याज वर्षाला ७००. बँकेच्या लॉकरचं भाडंही बहुतेक ठिकाणी याहून जास्त. बोरमाळ गहाणच राहील आणि हवी तेव्हा पाच हजारात हातात येईल. पावतीवर वजन नीट लिहिलंय का, ते आधी पाहून घ्या, आणि पतसंस्थेचं काही उलटसुलट कानावर आलं तर एक दिवसही न थांबता सोडवून आणा, एवढं मी जोडलं. मला अजूनही बँकेतली सोनेतारण जास्त सुरक्षित वाटते, पण ताईंना ओळखीचं काउंटर हवं होतं.

मेच्या मध्यावर त्यांनी २०,००० आणि तोवरचं चारशे-साडेचारशे व्याज भरलं. राहिलेल्या नऊ हजारांत भिशीचे तीन हप्ते बसत होते. ते बँकेत टाकले, एटीएम कार्ड घरी न ठेवता कामावरच्या मैत्रिणीकडे दिलं. हे मला पसंत नव्हतं, बोलूनही दाखवलं. ऐकलं नाही.

नवऱ्याच्या गाडीचं काही झालं नाही. म्हणजे त्यांनी मालकाकडून उचल घेऊन जुन्या गाडीचं इंजिन करून घेतलं आणि महिनाभर धुसफुसत राहिले. सासूबाईंनी बारशाला चांदीचे वाळे नेले. डोकेदुखी कमी झाली, गेली नाही.

डिसेंबरात ताई सहज भेटायला आल्या. नवी भिशी सुरू झाली होती आणि त्यांनी शेवटची चिठ्ठी मागून घेतली होती. "लवकर लागली तर परत तुमच्याकडं यायला लागंल."

दिराच्या लग्नाचं ठरलंय का, मी विचारलं. ठरलं होतं. सासूबाईंनी बोरमाळेची चौकशीही केली होती.

"मग काय सांगितलंत?"

"गहाण हाय म्हणून सांगितलं. खोटं कुठं बोलले?"