सिमेंटरी नव्हे हो, सिमेतरी!

वसईकडच्या एका बाईंनी विचारलं आहे: 'आमच्या गावच्या फलकावर "ख्रिस्ती सिमेंटरी" असं रंगवलंय. ते बरोबर आहे का? आणि ख्रिस्ती माणसाच्या नावाआधी "कै." लिहावं का?'

पहिल्याचं उत्तर आधी. नाही, नाही आणि नाही. 'थडग्यांवर सिमेंट थापतात म्हणून सिमेंटरी' ही व्युत्पत्ती मी आजवर इतक्यांदा ऐकली आहे की आता कानांनाच सिमेंट लागायचं बाकी आहे. आपण वापरतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली. मधली दोनशे वर्षं माणसं मरायची थांबली होती का? शब्द आला पोर्तुगीज 'सेमितेरिउ'वरून. गोव्यात त्याचं सिमितेर झालं, वसईत सिमेतरी. इगर्जी (चर्च), मिस्सा (चर्चमधली उपासना), नाताळ याच गलबतातून उतरलेले. त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

खरी गंमत पोर्तुगीजच्या मागे आहे. लॅटिनमधून मागे गेलं की ग्रीक 'कोइमेतेरिओन' लागतो. अर्थ? झोपायची जागा. क्रीट बेटावर पाहुण्यांना निजायला दिलेल्या घराला हाच शब्द होता. ख्रिस्ती लोकांनी तो उचलून आपल्या मृतांच्या जागेला दिला, कारण त्यांच्या लेखी मेलेला माणूस निजलेला असतो, उठायचा असतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, आपला मित्र लाजर झोपला आहे. शिष्य भोळे. त्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे आता बरं वाटेल! तिथल्या ग्रीक मजकुरात 'कोइमाओ' या क्रियापदाचं रूप आहे. 'कोइमेतेरिओन' त्यावरूनच आला, आणि त्याचा अर्थ झोपणंही होतो, मरणंही. शिष्य फसले ते या एका क्रियापदापायी.

आता हा धातू ओळखीचा वाटतो का? जिथे ग्रीकमध्ये 'क' तिथे संस्कृतात पुष्कळदा 'श': देका–दश, क्युओन–श्वन् (कुत्रा). तसंच 'कोइमाओ'च्याच घरातलं 'केइताइ' म्हणजे आपलं संस्कृत 'शेते', पडून आहे, निजला आहे. धातू शी. त्यावरून शयन, शय्या, आणि शय्येवरून मराठी शेज. म्हणजे सिमेतरीला शुद्ध मराठीत काय म्हणायचं? शेजघर! अर्थही तोच, धातूही तोच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्री दीड वाजता घरच्यांना उठवून सांगितलं होतं. (कोणालाही आनंद झाला नाही.)

आणि इथेच न थांबता मी म्हणतो, श्मशानसुद्धा याच घरातलं. निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात यास्क सांगतो: श्म म्हणजे शरीर, श्मशान म्हणजे शरीराचं शयन. शतपथ ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ याला 'शवान्न' (शव अधिक अन्न) म्हणून भलतीकडेच नेतो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ यास्काकडे पाहून नाक मुरडतात, 'श्म म्हणजे शरीर याला पुरावा काय' म्हणतात. मुरडू देत. त्यांच्यातल्याच काहींनी 'अश्म-शयन', दगडाची शेज, असं सुचवलं, तेव्हा शयन काही सुटलं नाही! म्हणून 'सिमेतरी हा परका शब्द, दफनभूमी लिहा' असं बजावणाऱ्या शुद्धिवाद्यांना माझा एकच प्रश्न: दफन कुठलं? अरबी. आणि पुरण्याच्या क्रियेपुरतं. त्यात निजणं नाही, उठण्याची वाट पाहणं नाही. २ नोव्हेंबरला, सगळ्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, लोक थडगी झाडून-पुसून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. ते सारं निजलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखं असतं. दफनभूमीत ते कुठून यायचं?

अरे हो, 'कै.' राहिलंच. कैलास शंकराचा, तेव्हा ख्रिस्ती घरासाठी 'ख्रिस्तवासी' हा रुळलेला शब्द आहे, तोच वापरा. पण 'कै.' दिसताच धर्म बुडाल्यासारखं ओरडणाऱ्यांनी फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण उघडून पाहावं. १६१६ साली छापलेल्या त्या ग्रंथात त्याने ख्रिस्ती स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलंय.

फलकाचं काम सोपं आहे. नवा रंगवायची गरज नाही, 'में'वरचा अनुस्वार खरवडा आणि 'ट'चा 'त' करून घ्या.