आजी-आबाजींकडे पहिल्यांदा जाताना

भाऊ, गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला सोबत द्यायला जाणार असशील, तर आधी वार ठरव आणि तो पाळ. जमणार नसेल तर निरोप धाड. वाट पाहायला लावणं फार वाईट. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी लागली की सारं घर वावरात जातं आणि म्हातारं माणूस दिवसभर एकटं उरतं. खरी गरज तेव्हाच असते. सारखी तब्येत विचारू नको. कापसाची पऱ्हाटी, बैलजोडी, माहेर यांबद्दल विचार. तेच ते पुन्हा सांगतील, तरी मनापासून ऐक. चहा दिला तर घे, त्यांनाही कुणाला काही द्यावंसं वाटतं. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी पेन्शनचे, पैसे अडले तर तहसीलमध्ये सोबत जा, मात्र पासबुक आणि पैसे त्यांच्याच हाती राहू दे. यात सूट नाही. मारहाण, उपासमार दिसली तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर कळव, फोन मोफत आहे.