ग्राउंडहॉगसाठी सेकंडहँड रायफल: घेताना काय तपासावे आणि घेतल्यावर कशी जुळवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पेन्सिल्व्हेनियात जुने शेतघर घेतले आहे, ग्रीन कार्ड आहे, गवताच्या शेतात आणि कोठाराच्या पायाशी ग्राउंडहॉगनी (खारीच्या कुळातल्या, बिळात राहणाऱ्या मोठ्या प्राण्यांनी) बिळे केली आहेत, आणि जवळच्या बंदुकांच्या दुकानात जाड नळीच्या दोन वापरलेल्या रेमिंग्टन ७०० विकायला आहेत. त्यांतली एक .२२३ रेमिंग्टन काडतुसाची आहे आणि दुसरी .२२-२५० काडतुसाची. कोणती घ्यावी, काय पाहून घ्यावी आणि दुर्बीण बसवून नेम कसा जुळवावा, हे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधी सांगतो: .२२३ घ्या, परंतु नळी आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सेकंडहँड रायफल घेताना आपण खरे तर नळीचे उरलेले आयुष्य विकत घेत असतो. दस्ता, चाप, दुर्बीण हे सगळे बदलता येते. नवी नळी बसवायची झाली, तर मात्र एवढ्या पैशांत दुसरी रायफल आली असती असे वाटू लागते.

रायफलकडे वळण्यापूर्वी कायद्याचे सांगतो, कारण आपल्या मंडळींत याबद्दल फार गैरसमज आहेत. ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीला अमेरिकेत रायफल घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्वाचा देश आणि ग्रीन कार्डावरचा क्रमांक लिहावा लागतो, आणि मग पार्श्वभूमीची तपासणी होते. पेन्सिल्व्हेनियात ती राज्य पोलिसांच्या ‘पिक्स’ यंत्रणेमार्फत होते. तुम्ही नुकतेच घर बदलले आहे, म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा: ओळखपत्रावर सध्याच्या राहत्या घराचा पत्ता असावा लागतो. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर दुकानदार परत पाठवील. फॉर्मवरच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नीट वाचून आणि खरे द्या. तिथली खोटी माहिती हा संघराज्याच्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे, आणि शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येते.

एच-१बी, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर आलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारण बंदी आहे. कायद्यात काही अपवाद आहेत आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यांतला नेहमीचा अपवाद. म्हणून भारतातून भाऊ किंवा मेहुणा आला आणि हौसेने म्हणाला, ‘मलाही एक गोळी झाडू दे’, तरी परवाना नसताना त्याच्या हातात रायफल देऊ नका. दोघेही अडचणीत याल.

पेन्सिल्व्हेनियात लांब नळीची साधी बंदूक एका रहिवाशाकडून दुसऱ्याने परस्पर घेतली तरी कायद्याला चालते. तरीही पुढे कधी खासगी विक्रेत्याकडून घेतलीत, तर व्यवहार परवानाधारक दुकानातून करून घ्या. थोडे शुल्क पडते, पण आपल्यासारख्यांकडे प्रत्येक गोष्टीचा कागद असलेला बरा.

आता .२२३ का, ते सांगतो. .२२-२५० हे उत्तम काडतूस आहे. .२५० सॅव्हेजचे तोंड अरुंद करून हौशी नेमबाजांनी ते घडवले आणि १९६५ साली रेमिंग्टनने ते रीतसर बाजारात आणले. ५५ ग्रेन वजनाची गोळी ते सेकंदाला सुमारे ३,६८० फूट वेगाने फेकते, तर .२२३ तीच गोळी सुमारे ३,२४० फुटांनी. परंतु हा जादा वेग काडतुसातल्या जादा बंदुकीच्या दारूतून येतो, ती सगळी धग त्याच लहानशा छिद्रातून बाहेर पडते आणि नळी लवकर झिजते. पश्चिमेकडच्या उघड्या माळावर ४०० यार्डांपर्यंत मारणाऱ्याला ती किंमत परवडते. पेन्सिल्व्हेनियात शेते लहान, कुंपणाला झाडी, पलीकडे शेजाऱ्याचे घर. इथे बहुतेक नेम २०० यार्डांच्या आत असतात आणि तिथवर .२२३ पुरून उरते. तिची काडतुसे जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतात, स्वस्त पडतात, आणि आवाज व धक्काही कमी असतो. शेजाऱ्यांशी संबंध नवे असताना आवाजाचा विचार करावाच.

तपासणीची सुरुवात रायफल रिकामी असल्याची खात्री करून होते. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) बोट घालून पाहा, आणि मगच पुढचे. दुकानदाराकडे बोअरस्कोप (नळीत घालून पाहायचा बारीक कॅमेरा) असेल तर मागून घ्या. मोबाइलला जोडायचे कॅमेरे आता स्वस्त झाले आहेत, त्यामुळे स्वतःचा नेलात तरी चालेल. चेंबर संपून जिथे चर (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) सुरू होतात तो भाग म्हणजे नळीचा घसा, आणि झीज तिथून सुरू होते. एका मित्रासाठी मी एक .२२-२५० पाहायला गेलो होतो. अक्रोडाच्या दस्त्यावर ओरखडा नव्हता, पोलादाचा निळा रंग जसाच्या तसा होता, आणि मालक म्हणत होते की रायफल फारशी वापरलेलीच नाही. कॅमेरा घशाशी नेला तेव्हा उन्हात सुकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले. ते पुढे बोट-दीड बोट पसरले होते आणि चरांच्या सुरुवातीच्या कडा गोल होऊन गेल्या होत्या. जाड नळीची रायफल बहुधा बाकावर टेकवून झाडतात, खांद्यावर घेऊन रानोमाळ फिरवत नाहीत. त्यामुळे ती बाहेरून नव्यासारखी राहते आणि आतून झिजते. घशात थोड्या भेगा असणे हा दोष नव्हे, कोणत्याही वापरलेल्या नळीत त्या दिसतील. चरांच्या कडा धारदार आहेत का, हे महत्त्वाचे.

आत तांब्याचे लालसर पट्टे दिसले तर घाबरू नका. ती अस्वच्छता आहे, झीज नाही, आणि तिच्यावर बोट ठेवून किंमत उतरवून मागता येते. मग नळीच्या तोंडाची कड पाहा. कापसाची काडी आतून बाहेर हलके ओढत गोल फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे कड मोडली आहे. ती कड गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) थोडक्या पैशांत नीट करून देतो.

बोल्टच्या तोंडावर, फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या खिळ्याच्या) छिद्राभोवती, लहान खड्ड्यांचे कडे दिसले तर आधीच्या मालकाने घरी भरलेल्या काडतुसांत दारू जास्त घातली असण्याची शक्यता मोठी आहे. अशी रायफल गनस्मिथने ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज (चेंबरची खोली तपासायची मापे) लावून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

रेमिंग्टन ७००मध्ये चापाची तपासणी सर्वांत काळजीने करा. हे मॉडेल १९६२पासूनचे आहे आणि त्याच्या चापाबद्दल अमेरिकेत दीर्घकाळ दावे चालले. जुन्या वॉकर चापाच्या पुढच्या भागावर उभ्या रेघा असतात. नंतरच्या एक्स-मार्क प्रो चापाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ साली दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या. १९८२पूर्वीच्या रायफलींत आणखी एक अडचण आहे: सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडत नाही, म्हणजे काडतूस काढण्यासाठी आधी सेफ्टी काढावी लागते. रिकाम्या रायफलवर बोल्ट बंद करून सेफ्टी लावा, चाप घट्ट ओढून सोडा, आणि मग चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन सुटल्याचा आवाज आला, म्हणजे चाप न ओढता ती झडू शकते, तर रायफल तिथेच ठेवा. आवाज नाही आला तरी माझा सल्ला असा की, चाप या दोनपैकी कोणताही असला तर किमतीत नव्या चापाचे पैसे धरूनच बोलणी करा आणि टिमनी किंवा ट्रिगरटेक कंपनीचा चाप गनस्मिथकडून बसवून घ्या. घरात मुले असोत वा नसोत, या एका बाबतीत काटकसर करू नये.

दुकानात असतानाच चरांचा पीळ, म्हणजे ते किती इंचांत एक फेरा घेतात, मोजून घ्या. सफाईच्या सळईवर घट्ट चिंधी लावून ती नळीत घाला, सळईवर खूण करा आणि पुढे ढकलत जा. एक फेरा पूर्ण होईपर्यंत जेवढे इंच आत गेली तेवढा पीळ. जाड नळीच्या जुन्या ७००मध्ये .२२३ला बहुधा १२ इंचांत एक फेरा असतो. अशी नळी ४० ते ५५ ग्रेनच्या गोळ्या छान चालवते, पण ६९ किंवा ७७ ग्रेनच्या लांब गोळ्या तिच्यात स्थिर राहत नाहीत. तुमच्या कामाला ५० किंवा ५५ ग्रेन पुरे. आणि .२२३ असे कोरलेल्या नळीत ५.५६ची लष्करी काडतुसे घालू नका. बाहेरून ती सारखी दिसतात, पण त्यांचा दाब .२२३च्या चेंबरसाठी धरलेला नसतो.

रायफल घरी आली की पहिले काम सफाईचे. मागून, बोअर गाइड (सळई नळीत सरळ ठेवणारे नळकांडे) लावून, एकसंध सळईने आणि तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने करा. चिंधी निळी येत राहील तोवर आत तांबे आहे, मात्र पितळेचा ब्रश वापरलात तर त्याचाही निळा रंग येतो, म्हणून नायलॉनचा घ्या. ‘हिचा नेम गेला आहे’ म्हणून विकलेल्या कितीतरी रायफली एवढ्यानेच सुधारतात. मग नळी आणि दस्ता यांच्यामधून डॉलरची नोट सरकवून पाहा. ती चेंबरजवळपर्यंत विनाअडथळा गेली पाहिजे. प्लास्टिकच्या स्वस्त दस्त्यांचे टोक मऊ असते, म्हणून पुढे टेकण लावल्यावर पुन्हा एकदा नोट सरकवा. त्या वेळी अडकली तर दस्ता आतून थोडा घासावा लागेल.

दुर्बिणीपेक्षा तिच्या बैठकीत लोक कमी लक्ष घालतात आणि पुढे नेम भटकला की दुर्बिणीला दोष देतात. बैठकीचे जुने स्क्रू काढा, छिद्रे तेलविरहित करा, आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) १५ ते २० इंच-पौंडांपर्यंत आवळा. स्क्रू किंचित लांब असला तर आत बोल्टला घासतो, म्हणून प्रत्येक स्क्रू आवळल्यावर बोल्ट मागेपुढे करून पाहा. या कामाला ४-१२ किंवा ६-१८ पटीची, पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणे) जुळवता येणारी दुर्बीण योग्य. डोळ्याचे अंतर ठरवताना दुकानातल्यासारखे उभे राहू नका. शेतात ज्या स्थितीत झाडणार, त्या स्थितीत, जाड जाकीट घालून ठरवा.

नेम जुळवायला २५ यार्डांपासून सुरुवात करा. बोल्ट काढून नळीतून लक्ष्याचा मध्य पाहा, रायफल न हलवता दुर्बिणीचे क्रॉस त्याच मध्यावर आणा, म्हणजे पहिली गोळी कागदावर पडेलच. दुर्बिणीच्या खुंटीच्या पाव मिनिटाच्या (इथे मिनिट हे कोनाचे माप) एका क्लिकने १०० यार्डांवर गोळी पाव इंच सरकते आणि २५ यार्डांवर त्याचा चौथा हिस्सा. तिथे मध्य साधला की १०० यार्डांवर जा आणि दीड इंच वर लागेल असे ठेवा. मग ५५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर मध्यावर येते आणि ३०० यार्डांवर ७-८ इंच खाली जाते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला २०० यार्डांवर सुमारे ४ इंच ढकलतो. ग्राउंडहॉगच्या छातीचा भाग जेमतेम तेवढाच असतो, म्हणून वारा असताना अंतर कमी करावे किंवा नेम सोडून द्यावा. दोन-तीन प्रकारची काडतुसे आणून प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे गट पाडा, आणि दोन गटांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तीन गोळ्यांचा सुंदर गट पाहून निर्णय घेऊ नका, चौथी आणि पाचवी गोळीच नळीचा खरा स्वभाव सांगते. राज्याच्या गेम लँड्सवर (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर) नेमबाजीच्या सार्वजनिक रेंज आहेत आणि शिकार परवाना असला की तिथे सराव करता येतो. तो परवाना तुम्हाला ग्राउंडहॉगसाठी हवाच आहे. पहिल्यांदा काढताना सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो उन्हाळ्याआधी उरकून घ्या.

शेतात उतरल्यावर गोळीच्या मागे माती हवी, हे कधीही विसरू नका. हलक्या वेगवान गोळ्या जमिनीवर आपटून बहुधा फुटतात, पण दगडावर किंवा गोठलेल्या जमिनीवर फुटतीलच असे नाही. कोठाराच्या माडीवरून किंवा उतारावरून खाली झाडणे उत्तम. बांधावर उभा राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा ग्राउंडहॉग कितीही जवळ असला तरी सोडून द्यावा. दुसऱ्याच्या राहत्या घरापासून किंवा वापरातल्या शेतइमारतीपासून १५० यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीविना शिकार करता येत नाही, म्हणून शेताचा नकाशा काढून त्यावर ही वर्तुळे आखून घ्या. तुम्ही सांगितलेल्या कोठाराच्या पायाशी असलेली बिळे कदाचित या हिशेबात बसणारच नाहीत. तिथे पिंजरा लावणे बरे, मात्र त्याचे नियमही गेम कमिशनकडून (राज्याच्या शिकार व वन्यजीव खात्याकडून) आधी विचारून घ्या.

मारलेले जनावर शेतात उघडे टाकू नका. शिशाचे बारीक कण त्यात राहतात आणि ते खाऊन ससाणे, गरुड विषबाधेने मरतात. खोल पुरा.

दोन्ही रायफलींच्या घशाची छायाचित्रे, मोजलेला पीळ आणि चापाचा पृष्ठभाग रेघांचा आहे की गुळगुळीत, एवढे कळवलेत तर किमतीबद्दल मी अधिक नेमके सांगू शकेन. .२२३चा घसा गेलेला निघाला, तर दुकानदाराच्या आग्रहाने .२२-२५० घेऊ नका. सॅव्हेज, टिक्का किंवा सीझेड ५२७ यांतली एखादी वापरलेली .२२३ येईपर्यंत थांबा. ग्राउंडहॉग ऑक्टोबरच्या सुमारास बिळात शिरतात ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत बाहेर येत नाहीत, तेव्हा तुम्हाला शोधायला सगळा हिवाळा आहे.