काळ्या पट्टीखालचा मजकूर

प्रश्न : करारनाम्याच्या पीडीएफमधील खाते क्रमांकावर मी काळा चौकोन काढला आणि शेवटी सहीचे चित्र चिकटवून फाइल पाठवली. तरीही समोरच्या व्यक्तीने तो क्रमांक वाचला. असे का झाले, आणि ही सही पुरेशी आहे का?

उत्तर : पीडीएफवर आपण लिहिलेली टिपणे, ओढलेल्या पिवळ्या रेघा आणि काढलेले चौकोन मूळ मजकुराला धक्का न लावता त्याच्यावर ठेवले जातात, त्यामुळे तुमचा क्रमांक पट्टीखाली जसाच्या तसा राहिला. पट्टीवरून माउस ओढून मजकूर कॉपी करा आणि कोऱ्या पानावर पेस्ट करा, आकडे समोर येतील. मजकूर खरोखर पुसायचा असेल, तर ‘रिडॅक्ट’ची, म्हणजे निवडलेला मजकूर फाइलमधून कायमचा काढून टाकण्याची, सोय असलेले सॉफ्टवेअर वापरावे किंवा मूळ वर्ड फाइलमध्येच क्रमांक खोडून नवी पीडीएफ तयार करावी. मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण १९९३ साली पीडीएफ आली तीच मुळी कोणत्याही संगणकावर पान सारखे दिसावे म्हणून. दुरुस्ती हा तिचा पिंड नव्हे.

सहीचे चित्र कोणीही उचलून दुसऱ्या कागदावर डकवू शकतो. डिजिटल सही मात्र सही करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रावर आधारलेली असते आणि फाइलच्या आशयाशी गणिताने बांधलेली असते, त्यामुळे नंतर एखादा आकडा बदलला तरी फाइल उघडून सही तपासताना तो बदल उघड होतो. कोणती सही चालेल, हे कागद स्वीकारणाऱ्यालाच आधी विचारावे. मात्र डिजिटल सही करायची असल्यास सर्व दुरुस्त्या उरकल्यावरच करावी.